बारा मीटरची जाळरेषा

“बिडी म्हनं! चुलीच्या धुरानं ज्याला ठसका लागतो, त्यो बिडी वडतोय म्हनं. लिवनाऱ्याची बोटं कशी झडली न्हाइत!”

गोजरबाई कुणाशी बोलत नव्हती. वनखात्याच्या कचेरीत, पाण्याच्या टाकीशेजारच्या पायरीवर बसून ती स्वतःशीच पुटपुटत होती. प्रेमला बाटली भरायला वाकली होती. तिच्या अगदी कानाशी ते शब्द आले आणि बाटली भरून वाहू लागली.

नऊ दिवसांपूर्वी, अकरा मार्चला, दुपारी दोनच्या उन्हात राखीव माळावरचं बासष्ट हेक्टर गवत जळालं होतं. पंचनाम्यातलं कारण, “वनमजूर रावजी यांनी टाकलेली पेटती बिडी.” गोजरबाई रावजीची बायको. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सोमवारी पंचनामा वर गेला की नोकरी जाणार, वर खटला.

प्रेमला सांख्यिकी सहायक. साहेबांच्या तोंडी, “आकडेवाल्या बाई”. सोमवारच्याच बैठकीसाठी वीस वर्षांच्या जळीत क्षेत्राचा तक्ता तिला करायचा होता. अकरा वर्षं तो तीच करायची. चारशे दहा हेक्टरवरून रेघ उतरत उतरत गेल्या वर्षी नऊवर आली होती. असली उतरण तिच्या स्वतःच्या वजनाला कधी लाभली नव्हती. यंदा मात्र शेवटी बासष्टचा सुळका.

ती पायरीवर टेकली. “रावजीमामा बिडी ओढत नाहीत?”

“तंबाकू खात्यात, बाई. बिडी कंदी न्हाय.”

“मग सांगत का नाहीत तसं?”

“त्या दिसापासनं त्वांडच उगडलं न्हाय. लई इचारलं तवा येवढंच म्हनले, लांडगीची पिल्ली व्हती तितं.”

“त्या दिवशी माळावर कशाला गेले होते?”

“कामालाच की. कोयता घेऊन गेले. भाकरी बी उनातच खाल्ली आसंल. आदी हिवराच्या झाडाखाली बसायचे, त्यो गेल्या आखाडातल्या वाऱ्यानं उलथला.”

प्रेमला टेबलाशी परतली. पंचनाम्यातल्या फोटोत काळी जमीन होती, आणि तिच्या कडेला लिंबाच्या डहाळ्यांचा ढीग. कोयत्यानं सपासप तोडलेल्या.

तिनं दुसरी फाईल मागवली. वणवा पसरू नये म्हणून पंधरा फेब्रुवारीच्या आत गवताचा एक पट्टा मुद्दाम जाळून ठेवतात. ती जाळरेषा. यंदाचा दाखला पाच फेब्रुवारीचा होता. खाली वनक्षेत्रपाल वेणीमाधव साहेबांची सही, सोबत फोटो. धुमसता पट्टा, दोन मजूर, आणि त्यांच्या डोक्यावर माळावरच्या एकुलत्या हिवराची सावली.

प्रेमलानं त्या सावलीभोवती पेन्सिलीनं गोल काढला. मग तिनं वनपाल शिवराजला गाठलं.

“पाच फेब्रुवारीला रेषा जाळताना तुम्ही होतात?”

“फायलीत हाय की सगळं, मॅडम.”

“फाईल वाचता येते मला. तुम्ही होतात का?”

“आकडेवाल्यांनी आकडे बघावेत.”

“बरं. रेषेची रुंदी किती?”

“बारा मीटर. लांबी चौदा किलोमीटर. वीस वर्षं तेवढीच.”

“आणि अकरा मार्चला भर दुपारी मजूर माळावर कशाला पाठवले?”

“दुसऱ्या दिवशी तपासणीचं पथक यायचं…” शिवराज थांबला. “तुमाला कशाला पायजे?”

टेबलाशी परतून तिनं वणव्यांची नोंदवही काढली. दरवर्षी ती ‘वणवा’ हा रकाना उतरवून घ्यायची आणि शेजारचा ‘जाळरेषा’ हा रकाना सोडून द्यायची. आज तिनं तोच वाचला. मग गणकयंत्रावर एकच गुणाकार केला. पुन्हा केला. उत्तर बदलेना.

दुपारी साहेबांच्या खोलीत शिवराज भिंतीला टेकून होता. रावजी दारात, टोपी हातात.

“तक्ता झाला?” वेणीमाधव साहेबांनी मान वर न करताच विचारलं.

“झाला. पण बिडी त्यात बसत नाही, साहेब.”

“ते बघायचं काम तुमचं नाही.”

“या फोटोतला हिवर गेल्या आषाढात पडलाय. यंदाच्या फेब्रुवारीत त्याची सावली कुठून आली? फोटो जुना आहे. यंदा रेषा जाळलीच नव्हती. पथक येणार कळल्यावर घाई झाली. ऐन उन्हात, वाऱ्यात ती पेटवली.”

“कल्पना छान आहे.”

“डहाळ्या कल्पनेतल्या नाहीत. रेषा जाळताना आग झोडपायला मजूर लिंबाच्या डहाळ्या आधी तोडून ठेवतात. बिडी चुकून पडणार म्हणून कुणी तासभर आधी डहाळ्या तोडतं का?”

साहेब शिवराजकडे वळले. “सांगा हो यांना.”

शिवराजनं मान खाली घातली. “एक वाजता तुमचाच फोन आला, साहेब. रावजी म्हनला व्हता, वारं हाय, आज नको. ते बी सांगितलं तुमाला. तुमी म्हनला, संध्याकाळपत्तुर रेषा काळी दिसली पायजे.”

दारात रावजीच्या हातातली टोपी पिळवटली गेली.

“एका वर्षीची चूक,” साहेबांचा आवाज धारदार झाला. “तुमचाच तक्ता सांगतो, वणवे वीस वर्षं कमीच होतायत.”

“माझाच. चौदा किलोमीटर गुणिले बारा मीटर, सतरा हेक्टरसुद्धा भरत नाही. गेल्या वर्षी जाळरेषेच्या रकान्यात अठ्ठ्याऐंशी आहेत. त्याआधी पंचाण्णव. रेषेबाहेर सुटलेली आग रेषेतच मांडली. फेब्रुवारीत उपग्रहानं आगीचा ठिपका दाखवला तरी कोण विचारणार, रेषा जाळायचेच दिवस ते. यंदा ठिपका मार्चात पडला. जाळरेषेचा रकाना पंधरा फेब्रुवारीलाच बंद झाला होता, म्हणून बिडी शोधावी लागली.”

“नोकरी तुम्हालाही आहे, बाई.”

“आहे. म्हणून सही करून एक प्रत इथं यायच्या आधीच वर पाठवली. खोटी रेघ अकरा वर्षं मीच ओढली, हेही त्यात लिहिलंय.”

साहेब उठले. खुर्ची मागे आदळली.

“मग रकाने, हिवर कशाला? सरळ बोला ना! माळ कोण जाळतं?”

 प्रेमलानं जाळरेषेचा रकाना उघडून नोंदवही साहेबांपुढे सरकवली.

दारातून खरखरीत आवाज आला. नऊ दिवस मिटलेलं तोंड.

“आमीच की, साहेब. दरसाल.”