पंधरावी स्टिक

"ओ! आधी त्या ग्रीनवरनं खाली उतरा! पोटच्या पोरासारखं जपलंय मी ते गवत, तुमच्या बुटांखाली तुडवायला नाही!"

लोकांच्या पहिल्या भेटीत नजरानजर होते, ओढणी उडते... माझ्या वाट्याला चिखलाचे बूट आले. चिकलठाण्याच्या पुढं, कारखाने संपतात तिथं, आमचं नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. मी तनुजा. वैजापूरची, शेतकी डिप्लोमा केलेली. त्या मैदानाचं गवत माझ्या ताब्यात. आणि हा उंच, उन्हानं रापलेला माणूस माझ्या कोवळ्या हिरवळीवर खुशाल उकिडवा बसून हात फिरवत होता!

तो दचकून उठला. "चुकलं गं माय."

माय! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी कुणाची माय-बिय नाही! आणि ओळख ना पाळख, अगं-तुगं काय करता?"

"मंग काय म्हनू?" तो खरंच गोंधळला होता. "माझी आजी समद्यांना असंच म्हनती."

तेव्हा कुठं ट्यूब पेटली. हा अभय साळवे, शहरभर पोस्टरं लागलेला अमेरिकेचा गोल्फर. जन्म तिकडचा, शाळा-कॉलेज तिकडचं. मराठी मात्र आजीच्या मांडीवर शिकलेली, आणि आजी लीलाबाई अस्सल सिल्लोडच्या.

"तुम्ही म्हणा," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"बरं. तुमी." आणि हसला. मेला हसला ते इतकं छान, की मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात जाऊन सांगितलं, बॅग उचलायला कॅडी म्हणून मीच हवी. का, तर "हिला गवत कळतं." सेक्रेटरींनी नाक मुरडलं, "बाईमाणूस एवढी जड बॅग उचलणार?"

"आणि खताची पोती रोज कोण उचलतं? तुमचे काका?" मी म्हटलं आणि बॅग खांद्याला मारली.

चार दिवस सराव चालला. चालता चालता तो सांगायचा, मी ऐकायचे. चोविसाव्या वर्षी तो तिकडच्या मोठ्या स्पर्धांमध्ये शिरला. वर्षभर मोठमोठ्या खेळाडूंच्या बरोबरीनं खेळला, टीव्हीवर दिसला. मग मनगट दुखावलं आणि मोठ्या स्पर्धांत खेळायचा हक्कच गेला. तेव्हापासून तीन वर्षं गावोगावच्या फुटकळ स्पर्धा, स्वतःची जुनी गाडी आणि मोठ्या स्पर्धेत शिरायला दर सोमवारची निवड चाचणी. शंभर जण झगडणार, दोघा-तिघांना संधी.

"मंगळवारी गाडी काढायची, फुडच्या गावाला जायाचं," तो म्हणाला. "लई दमलो."

"मग इथं?"

"हितं जिंकलो तर शेठ एक वर्ष तिकडचा समदा खर्च करनार. नाय जिंकलो तर... गाडी इकायची. पोरं शिकवायची."

शेठ म्हणजे राजकुमार शेठ, पाइपचे कारखानदार. हा दोन दिवसांचा चषक त्यांचाच. एका माणसाचं अख्खं करिअर त्या चषकात अडकलंय आणि मी त्याला बुटांवरून झापलं होतं!

स्पर्धेचा पहिला दिवस संपला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढं होता. संध्याकाळी मैदान रिकामं झालं. माझ्याकडं एक सात नंबरची जुनी स्टिक आहे, कुणा मेंबरनं टाकून दिलेली. पहाटे कुणी नसताना मी तिनं खेळते. त्यानं ते कधीतरी पाहिलं असावं.

"मारा बघू एक."

मी मारला. बॉल तिरका गेला.

"अंगठा... जरासा हिकडं." त्यानं माझा हात धरला. अंगठा केव्हाच सरळ झाला होता.

"आता सोडा की..."

"सोडू व्हय?"

"...नको."

बस, एवढंच. बाकी काहीच नाही. पण मन ठिकाणावर असेल तर शपथ! सरावाच्या चार दिवसांत पहाटे खेळून झालं की मी माझी स्टिक त्याच्याच बॅगेत खोचायचे, संध्याकाळी आठवणीनं काढून घ्यायचे. त्या संध्याकाळी सवयीनं बॅगेत खोचली ती तिथंच राहिली.

गोल्फमध्ये बॅगेत चौदाच स्टिका चालतात. हे त्यानंच मला सरावाच्या पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचव्या होलवर मी स्टिक द्यायला वाकले आणि बॅगेत काय दिसावं? माझी सात नंबर! नजर खाली घालून मी कुजबुजले, "अहो... पंधरा आहेत. माझी राहिलीय. कुणी बघितलं नाही... त्या बाभळीखाली टाकते, थांबा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं! मग हात वर केला आणि पंचांना हाक मारली.

चार फटक्यांचा दंड बसला, आणि ह्या खेळात ज्याचे फटके कमी तोच जिंकतो. मी उरलेलं मैदान दात-ओठ खात चालले... आधी माझ्यावर चिडले, मग त्या नियमावर, मग ह्या हरिश्चंद्राच्या अवतारावर. तो खेळला मात्र असा, की मी रडायचं विसरून बघत राहिले. शेवटी एका फटक्यानं हरला.

शेठचं तोंड उतरलं. अमेरिकेचा विजेता म्हणून फोटोचा बॅनर आधीच छापून तयार होता ना! त्यांनी अभयला बाजूला घेतलं, पण आवाज आमच्यापर्यंत येत होता. "साळवेसाहेब, फक्त एवढं म्हणा की ह्या पोरीनं मुद्दाम ठेवली. कमिटी आपलीच आहे. दंड काढून टाकू, चषक तुमचा."

"तिनं मुद्दाम नाय ठेवली," अभय म्हणाला. "अन् मोजायचं काम माझं. म्या मोजल्या नाय."

माझा ताबा सुटला. "शेठ, चूक माझी आहे! दंडाच्या कागदावर माझं नाव लिहा, खुशाल लिहा! पण मुद्दाम म्हणालात तर याद राखा. अशा चषकात माझ्या गावाकडं गुरांनासुद्धा पाणी पाजणार नाहीत!"

अभय बॅग उचलून गाडीकडं निघाला, मी तरातरा त्याच्या मागं.

"काय मिळालं? सांगा ना, काय मिळालं? वर्ष गेलं तुमचं! आणि त्या लोकांपुढं माझ्यासाठी मोठेपणा करायला कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्यासाठी नाय केला. पंधरा व्हत्या, पंधरा सांगितल्या."

घ्या! असं बोलतात पोरीशी? मला त्याला तिथंच बदडावंसं वाटलं.

"मग आता? गाडी विकणार?"

"नाय." तो मनगट चोळत होता. "चार फटके दंड घेऊन एकानं हरलो. म्हंजी हात बरा झालाय. आता त्याच गाडीत झोपतो, पन खेळतो."

मला हुंदका आला. राग होता, आनंद होता, काय होतं देव जाणे. "आणि... इकडं परत येणार?"

"ठाऊक नाय."

दुसरा कुणी असता तर "येणार" म्हणून मोकळा झाला असता. मीही वेडी वर्षभर वाट बघत बसले असते. ह्याला एक साधी थाप मारता येत नव्हती! माझे डोळे घळाघळा वाहायला लागले आणि वाहता वाहताच मी विचारलं, "मी... मी आवडते का तुम्हाला?"

"व्हय."

एक क्षणही थांबला नाही. ज्या माणसानं खोटं बोलायचं नाही म्हणून आत्ताच अख्खं वर्ष घालवलं, त्याचा तो 'व्हय'. ह्याच्यावर कुठल्या कमिटीनं काय शंका घ्यायची?

"अन् तुमचं?" त्यानं हळूच विचारलं.

"दिसत नाही? चार-चौघांत ढसाढसा रडतेय ते काय कांदा चिरला म्हणून?"

"दिसून काय उपेग? आमच्या खेळात ज्याचं त्यानं सोताच्या तोंडानं सांगावं लागतंय. पंचाम्होरं."

मी मागं वळून पाहिलं. शेठ, सेक्रेटरी, पांढऱ्या टोपीतले पंच, सगळे चहाचे कप धरून आमच्याकडंच बघत होते. मी ओढणीनं नाक पुसलं.

"पंचसाहेब!" मी ओरडले. "माझं ह्या माणसावर प्रेम आहे! आणि लिहून ठेवा, हे मात्र मी मुद्दाम करतेय!"