साडेतेरा मिनिटं लवकर आलेला आयो

आयो पुन्हा साडेतेरा मिनिटं लवकर दिसला आणि तनिष्ठाचं तोंड एवढंसं झालं.

आयो हा गुरूचा एक चंद्र. दर साडेबेचाळीस तासांनी तो गुरूच्या सावलीत शिरून दिसेनासा होतो आणि मग बाहेर पडतो. तो बाहेर पडल्याची वेळ टिपायची, एवढंच तनिष्ठाचं काम. मंगळावरच्या वसाहतीतली ती चिमुकली वेधशाळा (आकाशाचं निरीक्षण करण्याची जागा) तिच्या आजोबांनी चाळीस वर्षं चालवली होती. आता त्यांचे डोळे थकले होते. नातीच्या नोंदी बरोबर आल्या, तर निरीक्षणाची वही तिच्या हाती येणार होती. नाहीतर ती जाणार होती काटेकर नावाच्या यंत्रमानवाकडे, आणि काटेकर तर टपूनच बसला होता.

"सलग तिसरी चूक," तो म्हणाला. "घड्याळ मागं पडलंय. मागच्या महिन्यात ते साफ करायला कुणी उघडलं होतं, ते मी बोलत नाही."

तनिष्ठाला रडू कोसळायचंच बाकी होतं. पण पोरगी हट्टी. घड्याळ चुकत असेल तर प्रत्येक वेळ चुकायला हवी, असा विचार करून दुसऱ्या संध्याकाळी तिनं डायमॉसवर (मंगळाच्या धाकट्या चंद्रावर) नजर ठेवली. तो मंगळाच्या सावलीत कधी शिरणार, हे आजोबांनी इथंच बसून काढलं होतं. डायमॉस अगदी ठरल्या सेकंदाला दिसेनासा झाला.

"आजोबा, घड्याळ बरोबर आहे! मग आयोच का घाई करतोय?"

"आयोची वेळ कुठून घेतलीस?"

"पंचांगातून." वसाहतीत बारशापासून चतुर्थीपर्यंत सगळं पुण्याहून येणाऱ्या पंचांगावर चालायचं. वेधशाळेचं घड्याळसुद्धा पृथ्वीचीच वेळ दाखवायचं.

"आणि पुणं कुठं आहे गं?"

"पृथ्वीवर. पण म्हणून काय झालं? आयो सावलीतून बाहेर पडला की पडला. सगळ्यांना एकदमच दिसणार ना?"

"पूर्वी पुष्कळ मोठमोठ्या लोकांना असंच वाटायचं," आजोबा हसले. "१६१० साली गॅलिलिओनं दुर्बिणीतून गुरूजवळ चार ठिपके पाहिले. ते गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हे त्यानं ओळखलं. पुढं रोमर नावाच्या डॅनिश माणसानं पाहिलं, की पृथ्वी गुरूपासून दूर जाताना आयोच्या ग्रहणांना उशीर होत जातो आणि जवळ येताना ती लवकर होतात. आता आयोला काय ठाऊक पृथ्वी कुठं आहे?"

तनिष्ठा विचारात पडली. मग उडालीच. "म्हणजे उशीर आयोला होत नाही, त्याच्या प्रकाशाला होतो! प्रकाशाला यायला वेळ लागतो!"

"शाबास! रोमरनं हे १६७६ साली सांगितलं. त्याचा आकडा थोडा चुकला, पण विचार पक्का होता."

आता ग्रहांमधली अंतरं हवी होती. त्यासाठी रोमरच्याही आधीचा केप्लर नावाचा खगोलशास्त्रज्ञ कामी आला. त्याची गोष्टही आजोबांनी सांगितली. टायको ब्राहे नावाच्या निरीक्षकानं दुर्बीण नसताना वर्षानुवर्षं टिपलेल्या मंगळाच्या जागा घेऊन केप्लर झटला आणि ग्रह लंबवर्तुळात (किंचित ताणलेल्या वर्तुळात) फिरतात हे त्यानं शोधलं. त्याच्या नियमांवरून कुठला ग्रह कधी किती दूर आहे, हे काढता येतं. आपण राहतो त्याच ग्रहानं हे शिकवलं, हे ऐकून तनिष्ठाला भारी मजा वाटली.

ती गणिताला बसली. गुरूपासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला सध्या अठ्ठेचाळीस मिनिटं लागत होती, मंगळापर्यंत साडेचौतीस. फरक साडेतेरा! तिनं पुढच्या आठवड्यातली नवी वेळ भिंतीवर लिहून टाकली. काटेकर ती तीनदा वाचून गेला.

ती संध्याकाळ आली आणि तिनं दुर्बिणीला डोळा लावला. काटेकर सेकंद मोजू लागला. तीन, दोन, एक... आणि आयोचा ठिपका उजळला!

तिचे डोळे भरून आले. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ही माणसं थंडीत कुडकुडत आकाशाकडे पाहत राहिली, म्हणून आज तिला हे कळलं होतं. त्यांना कसं सांगणार, की तुमचे फार उपकार झाले?

आजोबांनी वही तिच्यापुढं सरकवली. तिनं वेळ नोंदवली आणि खाली सावकाश लिहिलं, "ही वेळ मंगळावरची आहे. तुम्ही शनीच्या एखाद्या चंद्रावर बसून हे वाचत असाल, तर प्रकाशाच्या प्रवासाचा हिशेब करायला विसरू नका. घड्याळ उघडणाऱ्या पोरीला रागवू नका."