ब्रेकची बुजवलेली नळी

जीप चिंचेपासून शाळेच्या कुंपणापर्यंत आली, तीही राजेश्वरीच्या शेळीला चिरडूनच. शेळी दोनदा तडफडली आणि निपचित पडली. रंगनाथ मुकादम खाली उतरला, टायर पाहिला आणि म्हणाला, "जनावरानं बघून चालायला पायजे."

राजेश्वरी शेळीजवळ बसून राहिली. परवा ती आणि तिची आई सविता याच जीपमधून ऊस तोडायला जाणार होत्या. शेळी शेजाऱ्यांकडे ठेवून जायची, असं ठरलं होतं. आता तीही भानगड उरली नाही.

"रडू नगंस, राजी," आदिनाथ म्हणाला. पण तोंड वर करून तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना, कारण रंगनाथ त्याचा बाप होता.

"मला एक सांग," राजेश्वरी डोळे पुसत म्हणाली. "मागचा लाल दिवा चिंचेपाशीच लागला हुता. म्हंजे तुज्या आबानं ब्रेक तितंच दाबला. मग गाडी हितवर आलीच कशी?"

दिवाळीच्या सुट्टीला केडगावहून आलेली त्याची आतेबहीण स्नेहल तिथंच उभी होती. ती म्हणाली, "दुपारी मामा झोपले की बॉनेट उघडू या."

आता ही जीप कशी घडली ते सांगायला हवं. मुकादमकी धरण्याआधी रंगनाथचं आयुष्य घोडेगावच्या बाजारात बैल घेण्या-विकण्यात गेलेलं. जुनी जीप त्यानं स्वस्तात उचलली, पण तिचं पेट्रोलचं इंजिन मेलेलं. मग तो केडगावच्या भंगारात इंजिन निवडायला गेला, तेही बैल निवडतात तसंच. अंगावर थाप मारली, आवाज ऐकला, चार जणांना उचलायला लावलं. सगळ्यांत जड होतं ते टेम्पोचं डिझेल इंजिन. "जड हाय, म्हंजे ओढणार," झालं, निवड संपली. गाडीला ते झेपतं का, त्यासोबत आणखी काय बदलावं लागतं, हे विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं.

दुपारी तिघांनी बॉनेट उघडलं. इंजिन कसंबसं कोंबलेलं, पट्ट्या वेल्डिंग करून धरलेलं. ब्रेकच्या पेडलपुढं लोखंडी डबा होता. त्यातून निघालेली रबरी नळी कुठंच जोडलेली नव्हती. तिच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकून वर तार आवळली होती.

"हा बूस्टर," स्नेहल मोबाईलवरचं चित्र ताडून पाहत म्हणाली. "पेट्रोलचं इंजिन या नळीतून हवा ओढतं, म्हणून ब्रेक हलका लागतो. पण डिझेल इंजिन या नळीतून तशी हवा ओढू शकत नाही. त्याला वेगळा पंप लागतो, तो बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोच्या पाठीला असतो."

यातल्या डायनॅमोची पाठ सपाट होती. आदिनाथनं आत बसून ब्रेक दाबला. भिंतीवर पाय रेटल्यासारखं वाटलं.

स्नेहलनं सरळ मेकॅनिक वाल्मिकला फोन लावला आणि आवाज गोड केला. "वाल्मिककाका, मी मुकादमांची भाची. ती नळी बंद का केली, असं घरात विचारतायत."

"अगं, मामाला इचार की तुज्या," तंबाखूच्या तोंडानं वाल्मिक बोलला. "पंपवाला डायनॅमो त्यानंच भंगारात परत दिला. पेट्रोल इंजिनाचा जुना डायनॅमो हाय की, दोन कशाला, म्हनला. मी म्हनलो ब्रेक दगड हुईल, घाटात गाडी थांबायची न्हाई. तर हसतो कसा! म्हनतो, मला कुटं त्यात बसायचंय? ड्रायव्हर भाड्याचा, कोयतेवाले बसनार."

फोन स्पीकरवर होता. राजेश्वरीनं सगळं ऐकलं. ती तशीच उठून घराकडे गेली, आणि आदिनाथला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी त्यानं धीर करून बापाच्या कानात सांगितलं, "आबा, ब्रेक लागत न्हाई. पंप बसवा." रंगनाथनं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो ओट्यावरून खाली आला. "मला शिकवतोस? परवा गाडी जानार म्हंजे जानार."

गाल चोळत आदिनाथ स्नेहल आणि राजेश्वरीला म्हणाला, "आता सगळ्यांसमोरच बोलायचं. पण आधी आबालाच बोलायला लावायचं."

निघायच्या सकाळी जीपला झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली. कोयत्यांची पोती टपावर चढली. सविता तान्हं पोर काखेला घेऊन मागं बसली, तिच्याशेजारी राजेश्वरी आणि गडी-बायका दाटीवाटीनं. रंगनाथ नारळ फोडणार, तोच आदिनाथ आजीचा हात धरून आला.

"आजी, नव्या गाडीत पयल्यांदा घरातली मोठी बाई बसते न्हवं?"

"व्हय की," आक्काबाई म्हणाल्या. "इसरलाच की हा. घाट उतरून देवीपातुर जाते आन येष्टीनं माघारी येते." आणि त्या पदर सावरत पुढच्या सीटवर बसल्यासुद्धा.

रंगनाथचा नारळाचा हात तसाच राहिला. "आई, उतर. तू नगं."

"का रं?"

"घाट हाय. तुला झेपायचं न्हाई."

"सविताच्या काखेला सा म्हैन्यांचं लेकरू हाय. त्याला झेपतंय?"

"त्यांचं येगळं. तू उतर म्हंतो ना!" त्यानं दंडाला धरून आईला ओढलं. हार तुटून खाली पडला. लोक बघतच राहिले.

"आजी, ब्रेक लागत न्हाई," आदिनाथ म्हणाला. "आबाला म्हाईत हाय."

स्नेहलनं बॉनेट उघडून नळी दाखवली, खुंटी दाखवली. राजेश्वरीनं वाल्मिकचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. माणसं एकेक करून उतरली. एक म्हातारा गडी थुंकला, तो नेमका रंगनाथच्या चपलेजवळ.

आक्काबाईंनी दंडावरची बोटं सोडवली. "मला वढून काडलंस, तवा तू माजा ल्योक हुतास. हिला लेकरासकट बसवलंस, तवा कोन हुतास?"

वाल्मिकला बोलावणं गेलं. संध्याकाळपर्यंत पंपवाला डायनॅमो बसला आणि रिकामी गाडी उतारावर जागच्या जागी थांबली. मग टोळी निघाली. जाताना सवितानं आदिनाथच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पारावरच्या मंडळींनी तिघांची नावं घेऊन शाबासकी दिली. राजेश्वरीनं मात्र मागं वळून पाहिलं नाही; तिची शेळी कुणी भरून दिली नव्हती.

घरी रंगनाथ ओट्यावर एकटाच बसला होता. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," तो म्हणाला.

"तुमच्या कानातच सांगितलं हुतं, आबा," आदिनाथ म्हणाला, आणि सुजलेला गाल घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

रंगनाथनं एकदा त्या गालाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आतून आक्काबाईंनी जेवायला हाक मारली, ती फक्त आदिनाथला.