उलटा गोफ

सहादेवची आणि माझी पहिली भेट एका रिकाम्या जागेवर झाली. हातभर रुंद जागा, गावाने मुद्दाम सोडलेली.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळी कामावर सगळं गाव सोनईकडच्या माळावर पाझर तलावाचा बांध घालत होतं. बांध उंच झाला तसं डोक्यावर घमेलं घेऊन चढणं जड जाऊ लागलं, म्हणून मुकादम नियाजभाईंनी माणसं ओळीने उभी केली. खालून मुरमाचं घमेलं द्यायचं, ते हातोहात वर जायचं. नियाजभाई नेवाशाचे, भला माणूस. पण आमच्या गावचं त्यांना काय ठाऊक? त्यांनी वरली आळी आणि खालची आळी एकाच ओळीत लावून टाकली.

वरल्या आळीतली शेवटची मी. खालच्या आळीतला पहिला तो.

घमेलं माझ्यापर्यंत भराभर आलं. मी ते जमिनीवर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरले. मग तो पुढे झाला, वाकला, उचललं. पुढचं घमेलं... तसंच.

"अगं पोरी, हातात दे की त्याच्या," नियाजभाई खालून ओरडले. "खाली काय ठिवती?"

"न्हाई देता येत."

"का? रोगबिग हाय का त्याला?"

"रोग न्हाई, आळी हाय," मी म्हटलं.

आणि तो हसला. तोंड फिरवून हसला, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले. मला रागच आला. माझ्या बोलण्यावर कुणी हसलेलं मला आजही खपत नाही, तेव्हा तर मी अठरा वर्षांची होते.

आता आळीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या मारुतीच्या मंडपात दर गोकुळाष्टमीला गोफ विणायचे. छताच्या कडीला आठ दोर बांधायचे, चार तांबडे वरल्या आळीचे, चार पिवळे खालच्या आळीचे. आठ गडी दोरांची टोकं धरून नाचायचे. तांबडे एका अंगाने, पिवळे दुसऱ्या अंगाने. एकाच्या आतून जायचं, पुढच्याच्या बाहेरून. नाचता नाचता वर वेणी पडत जायची, अशी देखणी की बघत राहावं. मग तेच गडी उलट्या पावलांनी नाचून ती उकलायचे. विणला त्यांनीच उकलायचा आणि कधी कापायचा नाही, ही रीत.

एक्काहत्तर साली कुणाचं तरी पाऊल चुकलं आणि वेणीत गाठ पडली. माझे वडील, रंगनाथ — आम्ही आबा म्हणायचो — ते म्हणाले, पिवळ्यांचं चुकलं. सहादेवचे चुलते गोरक्षतात्या म्हणाले, तांबड्यांचं. हे दोघंही त्या आठ गड्यांत होते, लहानपणापासूनचे जोडीदार, एकाच बैलजोडीने दोघांची रानं नांगरायचे. त्या दिवशी एकमेकांची गचांडी धरेपर्यंत गेले. तेव्हापासून दोन आळ्यांचं बोलणं बंद, देणंघेणं बंद, सोयरिकी बंद. तो अर्धवट गोफ गाठीसकट मंडपात लोंबत राहिला. माणसं त्याच्याखालून वाकून जायची आणि देवाला हात जोडायची.

तर ती हातभर जागा.

पहिले काही दिवस मी घमेलं ठेवायची आणि आभाळाकडे बघायची. मग लक्षात आलं, उचलण्याआधी तो हलकेच म्हणतो, "ठिवलंस?" समोर दिसतंय की, ठेवलंय. मी उत्तर द्यायची नाही. एके सकाळी म्हणाला, "आज मुरूम लई जड लागतोय. रागानं भरतीस काय?"

"मी न्हाई भरत. खालून येतंय."

"बोललीस," तो म्हणाला.

मी जीभ चावली. दिवसभर पुन्हा तोंड उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घमेलं जरा पुढे ठेवू लागले. त्याला फार वाकावं लागायचं, म्हणून. दुसरं काही नाही. ते त्याच्या ध्यानात आलंच असणार, कारण तोही पाऊलभर अलीकडे सरकला. हातभर जागा वितीवर आली.

आणि एका दुपारी... कामावरच्या माणसांसाठी शिजणाऱ्या सुकडीचा गोडसर वास सुटला होता, पोटात कावळे ओरडत होते, हात आपोआप चालले होते... मी घमेलं खाली ठेवलंच नाही. त्याने वरच्या वर धरलं. चार हात एका काठावर — आणि दोघांपैकी कुणीच सोडेना.

"सोड की," तो म्हणाला.

"तुमी धरलंय का पन नीट?"

"कवाचं."

मुरमाची लाल धूळ त्याच्या पापण्यांवर बसली होती. एवढ्या जवळून मी ती प्रथमच पाहिली. खालून नियाजभाईंनी हे सगळं बघितलं, छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

त्या दिवसापासून ओळ चालू लागली. गंमत म्हणजे कुणी हरकतही घेतली नाही. घेताना डावा पाय, देताना उजवा, असा सगळ्यांचा ठेका बसला. वरली आळी, खालची आळी एका लयीत डुलत होती आणि तोंडाने मात्र कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आबा आणि तात्या तेवढे लांब खडी फोडायला बसायचे, ढिगाच्या दोन बाजूंना.

जेवणाच्या सुट्टीत बाभळीच्या विरळ सावलीत मी आमच्या बायकांच्या कडेला बसायची, तो त्यांच्या गड्यांच्या कडेला. पाठीला पाठ, मध्ये बाभळीचं खोड. तिथेच त्याने सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"चांगुणा... त्यो गोफ माज्यामुळं बिघडला."

मी घास थांबवला.

"मला भायेरनं जायचं हुतं. मी आतनं गेलो."

"आसं कसं? डोळे कुठं हुते तुमचे?"

"पायरीवर."

"पायरीवर काय हुतं?"

"मोरपंखी पातळ."

मोरपंखी पातळ माझं होतं. आत्याने नगरच्या कापडबाजारातून आणलेलं, त्या दिवशी पहिल्यांदा नेसलेलं. छातीत कसं गोड धडधडलं ते काय सांगू... इतकं गोड की आज सत्तरीतही आठवलं की मी एकटीच हसते. पण लगेच संतापही आला.

"म्हंजे दोन वर्सं माजा बाप आतल्या आत कुढतोय, ते माज्या पातळापायी? अन तू गप बसलास?" रागात 'तुमी'चं 'तू' झालं, ते पुढे तसंच राहिलं.

"मग काय सांगू? का चुकला म्हनून इचारल्यावर? तुजं नाव घिऊ गावात?"

"म्हनायचं, माशी चावली."

"माशी म्हनू व्हय तुला?"

हसू आलं मेलं. पदरात तोंड खुपसून हसले. तो पलीकडे हसत होता, खोडाला त्याची पाठ थरथरलेली मला जाणवली.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते उरलं नव्हतं. माझ्यासाठी शिर्डीकडचं स्थळ आलं होतं. दुष्काळात लोक लग्नं पुढे ढकलत होते आणि आबांना कसली घाई झाली होती कोण जाणे. गुरुवारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते, तेही मारुतीच्या मंडपात. मी हे सांगितलं तेव्हा सहादेवने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली.

"तात्याला धाडतो तुज्या घरी," तो म्हणाला. "आडनाव येगळं, देवक येगळं. काय हरकत हाय?"

"एकमेकांचं तोंड बघत न्हाईत, मागनी कशी घालनार?"

"मग... मला सोडून जाशील?"

असं सरळ विचारलं त्याने. संध्याकाळपर्यंत घमेली देत राहिले आणि विचार करत राहिले.

घरी आले तर आबा ओट्यावर बसले होते. मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"आबा, माजी सुपारी त्या गाठीखाली फोडनार?"

आबा चपापले. "कंच्या गाठीखाली?"

"मंडपातल्या. पाव्हनं वर बघतील, इचारतील हे काय लोंबतंय. काय सांगनार?"

"काढून टाकू."

"कापून?"

आबांनी तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. गोफ कापायची छाती त्यांच्यात नव्हती, गावात कुणातच नव्हती.

"उकलायचा तर त्यांची चौघं लागत्यात," ते म्हणाले. "मी न्हाई बोलनार त्यांच्यासंगं."

"बोलायला कुनी सांगितलंय? नाचायला कुठं बोलावं लागतंय?"

मी बोलून गेले खरी, पण भाकऱ्या थापताना ध्यानात आलं. गोफ उकलला की मंडप मोकळा, मंडप मोकळा की सुपारी. सहादेवसाठी काढलेली युक्तीच मला शिर्डीकडे धाडायची. भरवसा एवढाच होता की एकदा ह्या दोघांची पावलं जुळली, तर तोंडंही उघडतील.

निरोप नियाजभाईंनी नेला. "बोलू नका," त्यांनी तात्यांना सांगितलं. "माज्या बांधावर तुमची मानसं न बोलता कसं झ्याक काम करत्यात, बघताय ना? तसंच करा." तात्यांनाही तो गोफ टोचत असणार. ते हो म्हणाले.

बुधवारी काम सुटल्यावर आठ गडी मंडपात उभे राहिले. ताल कुणी धरायचा यावर पुन्हा अडलं. ढोलकी खालच्या आळीची, ती आम्हाला नको. हलगी आमची, ती त्यांना नको. शेवटी नियाजभाईंनी घमेलं उपडं घातलं आणि कुदळीच्या दांड्याने त्यावर ठेका धरला. मी पायरीवर उभी होते, बायकांच्या घोळक्यात.

सुरुवातीला पावलं अडखळली. गाठ पडल्यावरही काही फेरे झाले होते, ते आधी उकलायचे होते. हळूहळू पायांना आठवलं. आबा आणि तात्या खांद्याला खांदा घासून गेले, एकदा... पुन्हा एकदा. दोघांनीही मान वळवली नाही. मग गाठ आली आणि सगळे जागच्या जागी थांबले. आता ज्याचं पाऊल चुकलं होतं त्याने तेच चुकीचं पाऊल परत टाकायचं. सगळ्या गावासमोर.

सहादेवने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो आतून गेला.

गाठ सुटली नाही. उलट आवळली.

घोळक्यात कुजबुज सुरू झाली. तात्यांचा चेहरा काळवंडला. सहादेव मागे सरला. मला काही सुधरेना. तो खोटं बोलला होता? का विसरला होता? मग वर नीट पाहिलं तेव्हा दिसलं... पिवळ्या दोरावरून एक तांबडा दोर आडवा गेला होता. सहादेवच्या चुकीनंतर आणखी कुणीतरी चुकलं होतं. ती चूक आधी उकलल्याशिवाय ही उकलणार नव्हती.

नियाजभाईंनी ठेका सोडला नव्हता. ठक... ठक... ठक. कुणीच हलेना.

मग आबा हलले. आतून जायचं तर ते बाहेरून गेले. सावकाश, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुकले.

गाठ सैल झाली. त्यांच्या मागोमाग सहादेव आतून गेला आणि ती सुटलीच. मग ठेका वाढला, पाय वाढले, तांबडे-पिवळे दोर भराभर वेगळे होत गेले. आठ दोर सरळ खाली लोंबू लागले तेव्हा नियाजभाई थांबले.

गोरक्षतात्या हातातला दोर न सोडताच आबांसमोर येऊन उभे राहिले.

"रंगनाथा. तुला म्हाईत हुतं तर."

"हुतं."

"मग दोन वर्सं ह्ये काय चालवलंस?"

"तुजा पुतन्या माज्या पोरीकडं बघत हुता," आबा म्हणाले. "त्ये बघितलं अन माजं पाऊल चुकलं. भर मंडपात काय सांगू, गोरक्षा? पोरीचं नाव घिऊ? म्हनून पावलाचं भांडन केलं."

एवढा शहाणा माझा बाप. आणि म्हणून ती स्थळाची घाई. सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. ज्या नावासाठी दोघांनी तोंड शिवून घेतलं होतं ते शेवटी आबांच्याच तोंडून निघालं. सहादेव मान खाली घालून उभा होता.

आबा चालत पायरीपाशी आले. रागावले नव्हते. थकले होते, असं मला वाटलं.

"चांगुणा, ह्यो कुनाकडं बघत हुता त्ये म्या बघितलं," ते म्हणाले. "तू कुनाकडं बघत हुतीस?"

पाहुणे उद्या येणार होते. देवाकडे म्हटलं असतं तर आबांनी ते मानलं असतं, गावानेही मानलं असतं, आणि मी नाव राखून शिर्डीकडे गेले असते. मी पायरीचा खांब धरला.

"आतनं गेला त्याच्याकडं," मी म्हटलं.

कुणीतरी बाई खुदकन हसली. आबा तात्यांकडे वळले.

"गोरक्षा, पाव्हनं निघायच्या आत त्यांना गाठाया पायजे. संगं येतूस का?"

"येतो की," तात्या म्हणाले. "तू नुस्ता हुबा ऱ्हा. बोलायचं काय त्ये मी बोलतो."