भेटायला आलेला वाचक

लेखक तसे भित्रे. झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारायचे. त्यांच्या पुस्तकांत मात्र माणसं हातोड्याने फुटत, दारात चिरडली जात, आणि वाचक ते अधाशासारखं वाचत.

त्या रविवारी सकाळी एक धिप्पाड माणूस भेटायला आला. गाडी चालवायला शिकवायचा म्हणे. पिशवीत यांची झाडून सगळी पुस्तकं, वाचून वाचून मऊ पडलेली. त्याने लेखकांना नखशिखांत न्याहाळलं.

"लिहिणारे कुठे आहेत?"

"मीच तो."

"थट्टा नको. तो माणूस असा नाही."

"अहो, पुस्तक वेगळं, माणूस वेगळा," लेखक हसले. "बसा, चहा टाकतो."

"मला एक ठेवून द्या. मग पटेल."

लेखकांनी हात जोडले. त्या हातांवरूनच ठोसा आला. ओठ फाटला, एक दात सुटून जिभेवर आला. भिंतीला घासत खाली बसताना ते पुटपुटले, "माफ करा." कशाची माफी, त्यांनाही कळेना.

पाहुण्याचा चेहरा उतरला. "तुम्ही त्यांचे कोण? भाऊ?"

उत्तरासाठी न थांबता तो लिहिण्याच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावली. खोली रिकामी होती. दार उघडायला लेखक स्वतःच तिथून उठून आले होते.

आतून पाहुण्याचा आवाज आला, आदबीचा. "नमस्कार."

मग खुर्ची मागे सरकली.

पहिला फटका ओलसर, जड. मग काहीतरी कडकन मोडलं. पाहुणा किंचाळला, हसला, पुन्हा किंचाळला. दारावर धडका देता देता लेखक एकदम थांबले. आधी बोटं, मग कोपर, मग जबडा. हा क्रम त्यांनी कालच लिहिला होता. अजून कुणी वाचला नव्हता.

कडी निघाली. पाहुणा बाहेर आला. हात कोपरापासून उलटा लोंबत होता, जबडा एका बाजूला सरकलेला. डोळ्यांत मात्र नवस फिटल्याचं समाधान.

"भेटले," तो रक्तातून कसाबसा बोलला. "अगदी तसेच."

तो जिना उतरून गेला. त्याच्यामागे खोलीचं दार हळूच लागलं. आतून.

लेखकांनी दाराकडे हात नेला, तेवढ्यात बायको गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली. फरशीवरचं रक्त तिने सवयीने ओलांडलं. त्यांच्याकडे बघून, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं हसली.

"बसा ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "हे लिहितायत."