साठ मिलिमीटरची दुर्बीण

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूसच लिफ्टमध्ये अडकला, तर त्याने हाक कोणाला मारायची? या माणसाने कोणालाच मारली नाही. लाज वाटली असणार. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये तो वीस मिनिटं गुपचूप बसून राहिला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानातून ती काही कामाने बाहेर आली नसती, तर दुपारपर्यंत तसाच बसला असता.

तिला आधी दिसलं ते जाळीच्या दारामागे, बरोबर तिच्या चपलांच्या उंचीवर, एक डोकं. केस विस्कटलेले, कानावर पेन्सिल.

"अडकलात का?" तिने वाकून विचारलं.

"तपासतोय," डोकं म्हणालं.

"खाली बसून?"

"...अडकलोय."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. वॉचमनला गच्चीवर पिटाळलं, तो लिफ्टचं चाक हाताने फिरवेपर्यंत जाळीशी उकिडवी बसून राहिली. तेवढ्यात जाळीच्या फटीतून त्याने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड तिच्या हातात दिलं. माझं काय व्हायचं ते होवो, हे पडायला नको, म्हणाला. फडक्यात जुनी काळी दुर्बीण होती. म्हणजे स्वारी निघाली होती तिच्याच दुकानात, आणि जाता जाता लिफ्टही तपासून घेऊ म्हणून अडकली होती.

दुकान मामांचं. ती त्यांची भाची, पण गेली चार वर्षं दुकान चालत होतं ते तिच्या बोटांवर. मामांचा हात थरथरायला लागला, तेव्हापासून काचा घासणं, कापणं, फ्रेममध्ये बसवणं सगळं तिच्याकडे आलं होतं. केसाएवढा फरकही तिला खपत नसे, म्हणून मामा तिला "मिलिमीटर" म्हणत, आणि मग गिऱ्हाइकंही म्हणायला लागली. चार वर्षांत तिच्या हातचा एकही चष्मा तक्रार घेऊन परत आला नव्हता. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

लिफ्टवाल्याने दुकानात आल्या आल्या दुर्बीण डोळ्यांना लावली आणि थेट तिच्याकडे बघितलं. "हाच बिघाड आहे बघा. यातून तुम्ही दोन दिसता."

"एकच पुरे आहे," मामा आतून म्हणाले.

दुर्बीण त्याच्या आत्याची. आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं, आणि दुर्बीण तिच्याच हातून जिन्यावरून पडली होती. आता दुरुस्ती तातडीने हवी होती, कारण काही आठवड्यांनी, इथून पाच तासांच्या वाटेवर, समुद्रकाठी एक रॉकेट सुटणार होतं आणि त्याच्या कंपनीतल्या लोकांनी ते बघायला जायला बस ठरवली होती. तिने नेहमीच्या सवयीने विचारलं, टीव्हीवर दाखवतीलच की, मग एवढं लांब कशाला?

त्याने कानावरची पेन्सिल काढून परत लावली. "मी दिवसभर जे वर नेतो ना, ते संध्याकाळपर्यंत खाली आणून ठेवतो. आयुष्यात एकदा तरी असं काही बघायचंय, जे वर गेलं की परत येत नाही."

तिच्याकडे लोक येत ते पेपर वाचता यावा म्हणून, सुई ओवता यावी म्हणून. इतकं लांबचं मागणं घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं. तिने पावतीवर "तातडीचे" असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. मामांनी चष्म्यावरून ती रेघ पाहिली.

दुर्बीण उघडल्यावर कळलं की दोन नळ्यांची तोंडं वेगवेगळीकडे गेली आहेत, आत बुरशी आहे, आणि मधली बिजागरी पार झिजली आहे. नळ्या जवळ-लांब करायची सोय आता राहणार नव्हती. बिजागरी एकाच जागी चिकटवून टाकावी लागेल, मामा म्हणाले, मग ती दुर्बीण एकाच माणसाच्या डोळ्यांना बसेल. "ज्याला बघायचंय त्याचं माप घे."

माप म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. दिवसातून दहा वेळा ती हे माप घेत असे. पट्टी नाकावर आडवी धरायची, समोरच्याला सरळ बघायला सांगायचं, आकडा वाचायचा, झालं. यावेळी मात्र आकडा वाचायला तिला तीन प्रयत्न लागले.

"सरळ बघा," ती म्हणाली.

"सरळच बघतोय."

"माझ्याकडे नाही... भिंतीवरच्या अक्षरांकडे."

"तुम्ही अक्षरांच्या मध्ये आहात."

"सदुसष्ट," ती घाईघाईने म्हणाली आणि कार्डावर लिहून टाकलं.

मग तो येतच राहिला. कधी लिफ्टचं तेलपाणी करायला, कधी दुर्बीण कुठवर आली ते विचारायला. एकदा तिने सहज विचारलं, जायचा बेत काय आहे? तो म्हणाला, बसमध्ये बसायचं, उतरायचं, वर बघायचं. हे ऐकून मिलिमीटरला घेरी यायची बाकी राहिली. असा बेत करतात? तिने डोळे तपासायचं एक कार्ड उलटं केलं आणि लिहायला घेतलं. सकाळी साडेअकराला ऊन कुठून येईल, म्हणजे मैदानात कुठल्या कोपऱ्यात बसायचं. टोपी. पाणी. कानात घालायला कापूस. पेपरातला नकाशा कापून तिने त्यावर पट्टी ठेवली. मैदानापासून रॉकेट चौदा किलोमीटर.

"म्हणजे आवाज एक्केचाळीस सेकंद उशिरा येईल," ती म्हणाली. "आधी नुसतं दिसेल. एकदम शांत. मग ऐकू येईल."

"एक्केचाळीस सेकंद करायचं काय?"

"बघत राहायचं."

"तुम्ही गेला होतात का कधी?"

ती कुठे जाणार? एक दिवसही दुकान सोडलं नव्हतं तिने. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं काउंटरवर कोपरं टेकून त्या कार्डावर काहीतरी वाढवत बसत, आणि वाढता वाढता त्याची चार कार्डं झाली. उड्डाण आठवड्यावर आलं तेव्हा वादळाच्या अंदाजामुळे ते दहा दिवस पुढे गेलं. तो पडलेल्या चेहऱ्याने सांगायला आला. तिने "अरेरे" म्हटलं खरं, पण आतून तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच शरम वाटली. आणखी दहा दिवस!

आनंद टिकला तो दोन मिनिटं. कारण फ्रेमचं स्टँड उगाच फिरवत तो पुढे म्हणाला की आता मोठी धावपळ होणार. रविवारी रॉकेट, आणि सोमवारी त्याला दुसऱ्या शहरात हजर व्हायचंय. चाळीस मजल्यांची इमारत उभी राहतेय, तिथल्या लिफ्टचं काम. दोन वर्षं.

"मग दुर्बीण वेळेत द्यायला हवी," ती म्हणाली. मान वर केली नाही.

त्याने स्टँड आणखी एकदा फिरवलं. ती आणखी काही बोलेल असं वाटलं असावं. मग गेला, जिन्याने.

त्या दुपारी तिला काही सुधरेना. एखाद्याने काही विचारलंच नाही तर आपण काय उत्तर द्यायचं? आणि आपण विचारावं, तर तो निघालाय. रविवारपर्यंत काही बोललं नाही तर सोमवारी तो जाईल आणि या दुकानात त्याच्या नावाची फक्त एक पावती उरेल. हे तिला लख्ख कळत होतं. फक्त तोंड उघडत नव्हतं. मागच्या खोलीत जाऊन ती थोडं रडली, डोळे धुतले आणि दुर्बीण समोर ओढली.

शेवटचं काम ते होतं, दोन्ही नळ्या जुळवून बिजागरी चिकटवायचं. समोरच्या गच्चीवर पाण्याची उंच टाकी होती. दुर्बीण टाकीवर रोखायची, नळ्या किंचित हलवायच्या, परत बघायचं. बघता बघता तिला ती टाकी टाकी वाटेनाशी झाली. खाली मैदान दिसायला लागलं, टोप्या दिसायला लागल्या, शेजारी कानावर पेन्सिल लावलेला तो. टाकी आता उडते की काय असं वाटलं, आणि दोनाची एक होऊन ती इतकी स्वच्छ, इतकी जवळ दिसली की तिने श्वास रोखून बिजागरीत गोंद सोडला आणि स्क्रू आवळला.

शनिवारी दुपारी तो आला. दुर्बीण घेऊन खिडकीशी गेला, बराच वेळ बघत राहिला. मग अवघडून म्हणाला, "माझंच काही चुकत असेल... पण दोन्ही बाजूंनी अंधार दिसतोय. मध्ये काहीतरी धूसर."

"शक्यच नाही." तिने दुर्बीण हिसकावून घेतली. "हे काय, टाकीवरचा कावळासुद्धा दिसतोय."

मामा उठले. थरथरत्या हाताने पट्टी घेऊन त्यांनी दोन नळ्यांच्या मधलं अंतर मोजलं. मग मोजायची गरज नसताना पुन्हा मोजलं. "साठ," ते म्हणाले. "कार्डावर किती आहे गं? सदुसष्ट." मग उजव्या डोळ्याकडची नंबर जुळवायची कडी फिरलेली होती, तीही त्यांनी पाहिली. "आणि इथे उणे दीड नंबर लावलाय. चार वर्षांत पहिली चूक, तीही एका वस्तूत दोन. साठ आणि उणे दीड कोणाचं, ते मी सांगू की तू सांगतेस?"

 जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. "माझं," ती म्हणाली. "तासाभरात करून देते. गरम केलं की गोंद सुटतो." आणि तिने स्क्रूड्रायव्हर उचलला.

त्याने दुर्बीण काउंटरवरून हळूच तिच्या बाजूला सरकवली. "सुटेल. पण मग मला विचारायला काही कारण उरणार नाही."

"काय विचारायला?"

"बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर मी हत्यारांची पिशवी येणार म्हणून लिहून दिलंय... दहा दिवस झाले. तुमचं नाव लिहायची हिंमत झाली नाही. आता या दुर्बिणीतून मला तर काही दिसणार नाही. कोणीतरी बघून सांगायला हवं."

स्क्रूड्रायव्हर तिच्या हातातच होता. एक तासाचं काम. तासाभराने दुर्बीण सदुसष्टची झाली असती, तिचं नाव राखलं गेलं असतं आणि तो एकटा गेला असता. तिने मामांकडे पाहिलं.

"एक दिवस दुकान तुझ्याशिवाय राहिलं तर कोणी आंधळं होणार नाही," मामा म्हणाले आणि पेपर उघडून त्यामागे गेले.

तिने स्क्रूड्रायव्हर त्याच्या जागेवर नीट ठेवून दिला. "बस किती वाजता?" तिने विचारलं. खरं तर चौथ्या कार्डावर तिनेच ती वेळ लिहिली होती.

मैदानात माणसंच माणसं होती. ऊन पाठीशी राहील अशी जागा तिने कार्ड बघून शोधली. टोप्या होत्या, पाणी होतं, कानात घालायचा कापूस तेवढा बसमध्ये विसरला होता. लाउडस्पीकरवर उलटी मोजणी सुरू झाली तशी गर्दी बोलायची थांबली. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"काय दिसतंय?" त्याने विचारलं.

"उभं आहे. पांढरं. खालून थोडी वाफ..."

शून्य म्हटलं आणि क्षितिजावर उजेड पेटला. एवढा मोठा उजेड, आणि आवाज अजिबात नाही. रॉकेट जमिनीवरून सुटलं, सावकाश, मग वेगाने. ती सांगत होती. सुटलं, वर चाललंय, शेपूट सरळ आहे, ढगाला लागलं... आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण सेकंद मोजतोय. अठरा, एकोणीस. आवाज यायला अजून बावीस सेकंद तिच्या हातात होते. त्यानंतर एवढा गडगडाट होणार होता की काही बोलून उपयोग नव्हता, आणि उद्या सोमवार होता.

तिने दुर्बीण खाली घेतली. तो वर बघत होता, तोंड अर्धवट उघडं, डोळे भरलेले.

"ऐक ना," ती म्हणाली. "ते परत नाही आलं तरी चालेल मला. तू ये."

त्याने मान वळवली. रॉकेट त्याला आयुष्यात एकदाच बघायचं होतं, आणि ते वर चाललेलं असताना तो तिच्याकडे बघत राहिला. मग काहीतरी म्हणाला. नेमका तेव्हाच आवाज येऊन पोचला. छातीत धडधडलं, पायाखालची माती हलली, तिला त्याचे नुसते ओठ दिसले. तिने कानाला हात लावून "काय?" असं विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं, तिला पुन्हा ऐकू आलं नाही. दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता तिने त्याचा हात धरला तो सोडला नाही.

आवाज ओसरेपर्यंत आकाशात फक्त धुराची रेघ राहिली होती. तो जवळ सरकला आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाला, सावकाश, एकेक शब्द.

"लिफ्टवाला आहे मी. कितीही मजले वर गेलो तरी खाली परत येणं हेच माझं काम आहे. दर शनिवारी, तिसऱ्या मजल्यावर."

"आणि मध्येच अडकलास तर?"

"तर हाक मारेन," तो म्हणाला. "या वेळी लगेच."