गळ्यातला पेनड्राइव्ह

मी दानम्मा. गडहिंग्लजची. शाळा चौथीपर्यंत.

खाली लिहिलंय ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय. सून ह्या पेजवर टाकते म्हणाली, तेव्हा मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. एक शब्द वाढवू दिला नाही. ज्याला पटत नाही त्यानं खुशाल दुसरं काहीतरी वाचावं. माझं काय अडलंय?

आणि रात्र, ओसाड जागा, असलं काही शोधत बसू नका.

भर दुपार होती. गेल्या पौषातला बाजाराचा दिवस. दोन वाजून गेलेले. दुकानाच्या दारात भाजीवाल्यांचा दंगा चाललेला...

तेवढ्या दंग्यात झालं ते.

आधी घरचं सांगते.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. मालकांनी उभा केला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं नाव मी घेतलं नाही, त्यांनी माझं घेतलं नाही. "अगं" आणि "अहो" वर सगळं भागलं. आता ते नाहीत म्हणून लिहिते. अण्णासो.

शेवटी शेवटी त्यांना एक खूळ लागलेलं. कोल्हापुरातनं चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह आणलेला. तोंडात निळी जीभ. "निळी म्हणजे हायस्पीड. तासाचं काम मिनिटात," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. लग्नाचे फोटो त्यात भरायचे, कॅमेऱ्याची कार्डं पुसायची आणि पुढच्या लग्नाला पळायचं. आणि पेनड्राइव्ह हरवू नये म्हणून तो गळ्यात.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतंच. त्याच दोऱ्याला, त्या डबीशेजारी, हा पेनड्राइव्ह बांधलेला.

"देवाशेजारी काय बांधलंय हे?" मी म्हणायची.

"दोन्ही जपायचीच की," म्हणायचे.

तीन वर्षांमागं गेले. बसल्या जागी.

आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात. भोवती विभूती, मीठ, मग वरनं माती. खड्ड्यापाशी माझा लेक शशिधर वाकला आणि हळूच म्हणाला, "अव्वा, पेनड्राइव्ह काढून घेऊ? हुस्नाच्या लग्नाचं सगळं त्यातच हाय."

सगळा समाज बघत होता.

मी ओरडले, "बापाच्या गळ्याला हात लावशील तर बघ! गळ्यातलं गळ्यातच जाईल!"

लिंग कुठलं आणि ते प्लास्टिक कुठलं, मला कळत नव्हतं होय? कळत होतं की. पण शंभर माणसांत तोंडातनं गेलं. माघारी कोण घेणार? मी?

माती पडली.

महिन्यानं हुस्ना आली. आमच्या गल्लीतल्या निसार गादीवाल्याची लेक. तिचं लग्न झालं आणि आठव्या दिवशी बाप गेला. निसार जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता. लेकीच्या लग्नात तेवढा राहिला, नवी टोपी घालून. बाकीच्यांनी मोबाइलात नुसती नवरी काढलेली.

"मावशी, अब्बांचा एक तरी द्या."

मी सांगितलं, "कॉम्प्युटर बिघडला बाई. सगळं गेलं."

तीन वर्षं ती विचारत राहिली. तीन वर्षं मी तेच सांगत राहिले. शशिधर पुण्याला नोकरीला गेला, सून सुष्मिता दुकान बघते. दोघं गप्प. माझ्यापुढं कोण बोलतंय?

आता त्या दुपारचं.

सुष्मितानं कॉम्प्युटर पुसून नवा करून घेतलेला. अल्बमचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं, म्हणून परत जुनंच विंडोज घातलं. तेव्हापासनं पुढची, पेनड्राइव्ह लावायची निळी भोकं बंद. तिनं नवी हार्ड डिस्क आणलेली, ती काळ्या भोकाला लावली की मुंगीच्या पावलानं चालायची.

"भोकं तर नवी दिसत्यात. चालत का न्हाईत?" मी विचारलं.

"अव्वा, भोकं चांगली हायत. कॉम्प्युटरलाच ती दिसत न्हाईत. ड्रायव्हर घालाय पाहिजे."

"ते काय असतंय?"

"सॉफ्टवेअर. ते घातलं की कॉम्प्युटरला कळतंय, दारात कोण आलंय."

"म्हणजे माझ्यागत की. ओळख सांगितल्याबिगर पावण्याला आत घेत न्हाई."

हुस्ना हसली. व्हय, ती पण होती. बाजाराला आलेली, बाकावर बसलेली, मांडीवर दीड वर्षाची पोरगी झोपलेली. अजून तिनं विचारलं नव्हतं. विचारणार होती...

मालकांच्या खणात सीडी सापडली. वर त्यांच्या अक्षरात: "निळ्या भोकांचं. जपून."

सुष्मितानं ती घातली. पट्टी भरत गेली. पडद्यावर यादीत एक पिवळी खूण होती, ती गेली. कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू झाला.

आणि आवाज आला.

टिंग-टुंग.

तुम्ही ऐकला असेल. काही जोडलं की चढा आवाज येतो. काढलं की तोच उतरता येतो.

हा चढा होता.

"लागली बघ तुझी डिस्क," मी म्हटलं.

सुष्मितानं नुसते हात वर केले. डिस्क तिच्या हातात होती... वायर गुंडाळलेली.

मी वाकून बघितलं. निळी भोकं दोन्ही मोकळी.

पण एका भोकाच्या कडेला पांढरं काहीतरी सांडलेलं. बारीक कण. मी बोटाला लावून जिभेवर ठेवलं.

मीठ.

तेव्हा ध्यानात आलं... दारातला दंगा ऐकू येत नव्हता. माणसं होती, भाजीवाल्याचं तोंड हलत होतं. आवाज नव्हता. फक्त कॉम्प्युटरचा पंखा घुर्र करत होता.

"अव्वा," सुष्मिता पडद्याला बोट लावून म्हणाली, "पेनड्राइव्ह दाखवतंय. चौसष्टचा."

"कुणाचा?"

"नाव दिलंय त्याला."

"वाच की मग! तोंडात काय हाय तुझ्या?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"दानम्मा."

चाळीस वर्षांत त्या माणसानं माझं नाव तोंडानं घेतलं नव्हतं.

मी बाकावर बसले, हुस्नाशेजारी. सुष्मितानं ते उघडलं. आत एकच फोल्डर. हुस्नानं पडदा बघितला आणि पोरगीसकट उभी राहिली.

"माझं नाव... मावशी, हे माझ्या लग्नाचं हाय की!"

"बंद कर ते," मी सुष्मिताला म्हटलं.

"अव्वा..."

"बंद कर म्हणतेय न्हवं!"

पहिल्यांदा माझ्या सुनेनं माझं ऐकलं नाही. तिनं सगळं उचलून कॉम्प्युटरमध्ये ओढलं. हिरवी पट्टी सुटली. काळ्या भोकानं पाऊण तास खाल्ला असता, इथं बघता बघता निम्म्याच्या पुढं. मालक म्हणायचे ते खरं होतं.

आणि पट्टी थांबली.

पंखा पण थांबला.

हुस्ना माझ्याकडं वळली. "मावशी, तुम्ही तर गेलं म्हणालतासा. मग हे कुठनं आलं?"

मी पट्टीकडं बघितलं.

पट्टी हलेना. सुष्मितानं माउस हलवला, बटणं दाबली. काही नाही. पडद्यावरची वेळसुद्धा पुढं जाईना... दोन वाजून अकरा.

हुस्ना वाट बघत होती. आणखी कुणीतरी वाट बघत होतं. कुठं ते विचारू नका. मानेमागं गार वाटत होतं, ओल्या मातीगत.

आयुष्यात मी कुणापुढं मान खाली घातली नाही. सासूपुढं नाही, जावांपुढं नाही. पण त्या दिवशी...

"कॉम्प्युटर बिघडला नव्हता, हुस्ना," मी म्हटलं. "खोटं सांगितलं तुला. तुझं फोटो ह्यांच्या गळ्यात होतं. शशिधर काढत होता. मी काढू दिलं न्हाई. माझ्या तोऱ्यापायी तुझा बाप मातीत गेला बघ. दुसऱ्यांदा."

घुर्र... पंखा फिरला.

पट्टी एका दमात पुरी भरली.

आणि बाहेरचा दंगा धाडकन कानावर आदळला. पोरगी दचकून उठली, रडायला लागली.

योगायोग म्हणायचं तर म्हणा. मी तिथं होते, तुम्ही नव्हता.

निसार सापडला. नवी टोपी, ताठ मान, लेकीच्या डोक्यावर हात. हुस्नानं पडद्याला हात लावला. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायलाच पाहिजे होत्या. ती एवढंच म्हणाली, "टोपी वाकडी हाय बघा अब्बांची. मीच घातलेली." आणि रडली.

फोटो मोठा करून दिला. ती गेली.

मग सुष्मिता म्हणाली, "अव्वा, आता हे काढून टाकते." पेनड्राइव्ह काढायच्या आधी कॉम्प्युटरला सांगायचं असतं म्हणे. भोकात काही नसताना तिनं सांगितलं.

पडद्यावर चौकट आली. इंग्रजीत.

"काय म्हणतंय?"

"हे अजून वापरात हाय... आत्ता काढता येणार न्हाई."

तिनं परत केलं. परत तेच. चार वेळा. शेवटी मी उठले आणि भिंतीवरचं बटणच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रुद्रभूमीत गेलो. मालकांची जागा जशीच्या तशी. वर गवत, तीन वर्षांचं. कुणी खुरपं लावलेलं नाही.

त्यानंतर एकदाच कॉम्प्युटर लावला. पेनड्राइव्ह दिसला नाही, नाव दिसलं नाही. हुस्नाचे फोटो मात्र आहेत. मी म्हटलं, चला, सुटलो. तेवढ्यात भोकापाशी बघितलं... मीठ. मी स्वतः फडक्यानं पुसलेलं होतं.

आता नवा कॉम्प्युटर घेतलाय. जुना खोक्यात बांधून माळ्यावर ठेवला. विकू दिला नाही, वायरसुद्धा लावलेली नाही.

सुष्मिता म्हणते, अव्वा, झालं ते झालं, विसरा.

कशी विसरू? दुपारी दोनच्या सुमाराला दुकानात एकटी असले, की कान वर माळ्याकडं लागतो.

जोडल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला.

काढल्याचा... अजून आलेला नाही.